थांबलेल्या जहाजाच्या काळाचे मोल : जहाजमालकाच्या उत्पन्नहानीचा विमा – मुंबई व कोकण किनाऱ्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

राजगुरुनगर आणि चाकण हा परिसर घाटमाथ्याच्या पूर्वेस वसलेला आहे. येथे समुद्र नाही, बंदर नाही आणि जहाजाचा भोंगाही ऐकू येत नाही. तरीही येथील महाविद्यालयांच्या वाणिज्य विभागांत ‘सागरी विमा’ हे प्रकरण दरवर्षी शिकविले जाते आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील कारखाने न्हावा-शेवा येथील बंदराशी रोजच्या व्यवहाराने बांधलेले असतात. या कारखान्यांच्या विमाव्यवहारात एक गोष्ट आता सर्वपरिचित झाली आहे. आगीत यंत्र जळाले तर केवळ यंत्राची किंमत मिळून भागत नाही; ते यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत जे उत्पादन बुडते त्याचीही भरपाई मिळावी म्हणून कारखानदार नफाहानीचा स्वतंत्र विमा घेतो. म्हणजे यंत्राला जशी किंमत आहे तशीच यंत्राच्या वेळेलाही आहे, हे जमिनीवरील विम्याने मान्य केले आहे.

हाच प्रश्न जहाजाच्या बाबतीत विचारला तर त्याचे उत्तर तितके सरळ मिळत नाही. वादळात जहाजाचा सुकाणू मोडला आणि ते चाळीस दिवस सुक्या गोदीत पडून राहिले, तर दुरुस्तीचा खर्च विमा कंपनी देते. परंतु त्या चाळीस दिवसांचे बुडालेले भाडे कोणी द्यावयाचे? वाणिज्याच्या अध्यापनात सागरी विम्याची जहाज विमा, माल विमा आणि भाडे विमा अशी विभागणी सांगितली जाते. त्यातील ‘भाडे विमा’ या शब्दामुळे जहाजमालकाचे उत्पन्न आपोआप संरक्षित होते असा समज सहज होतो. इतिहास मात्र निराळेच सांगतो.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे आहे की, सागरी विम्याने जहाजाच्या देहाला व त्यातील मालाला फार पूर्वीच आश्रय दिला. जहाजाच्या काळाला मात्र जाणीवपूर्वक दाराबाहेर ठेवले. पुढे त्या काळासाठी स्वतंत्र विमा निर्माण झाला, तोही ज्यांना परवडेल त्यांच्यापुरता. विम्याबाहेर राहिलेली काळाची हानी नाहीशी झाली नाही. ती लहान मालक, खलाशी आणि मच्छीमार यांच्या खांद्यावर जाऊन बसली. मुंबई व कोकण किनाऱ्याच्या इतिहासातील काही प्रसंगांच्या आधारे हे प्रतिपादन येथे तपासून पाहिले आहे.

१. पूर्वपीठिका : स्मृतिग्रंथांतील व्याज आणि जोखमी हुंडी

समुद्रावरील जोखमीला किंमत असते, ही जाण भारतीय परंपरेत जुनी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात ऋणावरील व्याजाचे दर सांगताना अरण्यातून व्यापारास जाणाऱ्याकडून दरमहा शेकडा दहा, तर समुद्रावर जाणाऱ्याकडून शेकडा वीस व्याज घेण्याची मुभा दिली आहे. हा विमा नव्हे. तथापि धनकोने जोखमीचा मोबदला व्याजातच वसूल करावा, हे तत्त्व त्यात स्पष्ट दिसते.

पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारात या तत्त्वाने पुढे ‘जोखमी हुंडी’चे रूप घेतले. सामान्य हुंडी ही मुदत भरली की देय होत असे. जोखमी हुंडीची रक्कम मात्र जहाज मालासह सुखरूप पोहोचले तरच द्यावी लागे. जहाज बुडाले तर हुंडीही बुडाली. मुंबई आणि गुजरातच्या पेढ्यांमध्ये हा प्रकार चांगलाच रूढ होता आणि एकोणिसाव्या शतकात त्यासंबंधीचे वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. कर्ज, रकमेचे स्थलांतर आणि विमा अशी तिन्ही कामे एकाच कागदाने साधणारी ही युक्ती होती.

तथापि आपल्या विषयाच्या दृष्टीने तिच्यातील एक मर्यादा महत्त्वाची ठरते. जोखमी हुंडीचा प्रश्न ‘पोहोचले की बुडाले’ एवढाच होता. ‘उशिरा पोहोचले’ याला तिच्यात स्थान नव्हते. शिडाच्या गलबतांच्या युगात हे स्वाभाविकच म्हणावे लागेल. वारा पडला तर गलबत थांबणार आणि पावसाळ्यात ते किनाऱ्यावर ओढून शाकारले जाणार, हे सर्वांनी गृहीत धरलेले होते. उशीर हा अपघात नव्हता. तो समुद्रप्रवासाचा स्वभाव होता. काळाला बाजारभाव येण्यासाठी वाफेच्या यंत्राची आणि वेळापत्रकाची वाट पाहावी लागली.

२. इंग्लंडमधील वाद : काळाला वगळणारे कलम

भारतीय सागरी विमा कायद्याचा सांगाडा इंग्लिश कायद्यावर उभा असल्याने हा वाद प्रथम कोठे घडला हे पाहणे आवश्यक ठरते. नोव्हेंबर १८७१ मध्ये ‘स्पिरिट ऑफ द डॉन’ या जहाजाचा भाडेकरार झाला. लिव्हरपूलहून न्यूपोर्ट येथे जाऊन लोखंडी रूळ भरावयाचे आणि ते सॅन फ्रान्सिस्कोस न्यावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. जानेवारी १८७२ च्या पहिल्याच आठवड्यात जहाज कार्नार्व्हनच्या उपसागरात रुतले. ते फेब्रुवारीत सुटले, परंतु दुरुस्ती ऑगस्टपर्यंत चालली. दरम्यान भाडेकरूंनी दुसरे जहाज घेतले. ‘जॅक्सन विरुद्ध युनियन मरीन इन्शुरन्स कंपनी’ या खटल्याच्या १८७४ मधील निकालात न्यायालयाने असे ठरविले की, इतक्या दीर्घ विलंबाने मूळ कराराचा हेतूच संपुष्टात आला, भाडेकरू मोकळे झाले आणि म्हणून मालकाचे भाडे सागरी संकटामुळेच बुडाले. विमा कंपनीने ते द्यावे.

हा निकाल जहाजमालकांच्या बाजूचा होता, परंतु विमेदारांनी त्यातून वेगळा धडा घेतला. जहाज न बुडताही केवळ उशिरामुळे संपूर्ण भाडे द्यावे लागणार असेल, तर आपली जबाबदारी अमर्याद होईल, हे त्यांनी ओळखले. त्यानंतर भाड्याच्या पॉलिसींमध्ये एक लहानसे कलम येऊ लागले: कालहानीतून उद्भवणारा कोणताही दावा, मग ती कालहानी सागरी संकटामुळे असो वा अन्य कारणाने, या विम्यातून वगळण्यात येत आहे. १८९७ मध्ये ‘बेन्सॉड विरुद्ध थेम्स अँड मर्सी मरीन इन्शुरन्स कंपनी’ या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने या कलमाचा पूर्ण अर्थ मान्य केला. जहाजाचा दांडा समुद्रात मोडला, दुरुस्तीस विलंब लागला, करार निष्फळ झाला आणि भाडे गेले; तरीही विमा कंपनी मोकळी राहिली. १९७७ मध्ये ‘प्लाया दे लास निएवेस’ या जहाजाच्या प्रकरणात त्याच सभागृहाने तेच कलम कालभाडेकरारालाही लागू केले. एकोणिसाव्या शतकातील या तीन-चार ओळी शंभर वर्षांनंतरही अभंग राहिल्या.

येथे एक विसंगती नोंदविण्याजोगी आहे. त्याच १८९७ मध्ये ‘ग्रेटा होम’ या जहाजाच्या प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सने याच्या उलट दिशेचे तत्त्व मांडले. लिव्हरपूलच्या बंदर मंडळाचा गाळ काढणारा ड्रेजर दुसऱ्या जहाजाच्या चुकीने निकामी झाला होता. त्या ड्रेजरपासून मंडळाला नफा मिळत नव्हता. तरीही त्याच्या वापरास मुकावे लागल्याबद्दल नुकसानभरपाई देय आहे, असे ठरले. म्हणजे चूक करणारा कोणी माणूस समोर असेल तर कायदा काळाचे मोल मान्य करतो. अपराधी वादळ असेल तर मात्र तोच काळ मोलहीन ठरतो. जहाजमालकाच्या दृष्टीने दोन्ही प्रसंगी जहाज तितकेच दिवस थांबलेले असते.

३. भारतीय कायद्याची भूमिका

इंग्लंडचा सागरी विमा कायदा १९०६ मध्ये झाला. स्वतंत्र भारताने १९६३ मध्ये स्वतःचा सागरी विमा कायदा केला, तो बहुतांशी त्याच धर्तीवर. त्यातील ५५ व्या कलमानुसार, पॉलिसीत अन्यथा नमूद नसेल तर, जहाजाचा वा मालाचा विमेदार विलंबामुळे प्रत्यक्षपणे झालेल्या हानीस जबाबदार नसतो. तो विलंब विमा उतरविलेल्या संकटामुळेच झालेला असला तरीही नसतो. वाक्यातील उत्तरार्ध विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. वादळ विम्यात आहे, वादळाने मोडलेला सुकाणू विम्यात आहे. परंतु सुकाणू मोडल्यामुळे गेलेले दिवस विम्यात नाहीत.

दुसरी बाब ‘भाडे’ या शब्दाच्या व्याख्येची आहे. कायद्याच्या दृष्टीने भाड्यात तिऱ्हाइताकडून मिळणारे मालवाहतुकीचे भाडे येते आणि मालकाने स्वतःच्या जहाजातून स्वतःचा माल नेल्यास त्यातून होणारा नफाही येतो. प्रवाशांकडून मिळणारे तिकिटाचे पैसे मात्र त्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळले आहेत. प्रवासभाडे हा विमापात्र हितसंबंध आहे, हे कायदा अन्यत्र मान्य करतो; पण ‘भाडे विमा’ घेतला म्हणजे तिकिटाचे उत्पन्न सुरक्षित झाले, असे होत नाही. कोकण किनाऱ्यावरील आगबोटींचा इतिहास पाहता ही तरतूद केवळ तांत्रिक राहत नाही.

या वगळण्यामागील कारणे समजून घेणेही न्यायाचे ठरेल. लाकूड, लोखंड आणि माल यांची किंमत पाहणी करून ठरविता येते. गेलेल्या दिवसाची किंमत त्या दिवशीच्या बाजारावर अवलंबून असते आणि बाजार स्थिर नसतो. बाल्टिक ड्राय इंडेक्स हा कोरड्या मालाच्या जहाजभाड्याचा निर्देशांक मे २००८ मध्ये ११,७९३ पर्यंत चढला होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो ६६३ वर आला. मे महिन्यातील दराने ज्याच्या दिवसाचा विमा उतरविला गेला, त्याचे जहाज डिसेंबरात गोदीत असणे हेच चालण्यापेक्षा अधिक लाभाचे ठरले असते. दुरुस्तीची घाई न करण्यातच फायदा असेल तर विमा ही जोखमीची वाटणी राहत नाही, ती प्रलोभन बनते. विमेदारांची भीती निराधार नव्हती. प्रश्न एवढाच की, त्या भीतीची किंमत कोणी चुकवली?

४. कोकणची आगबोट : हंगामाचे दिवस

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघणाऱ्या आगबोटी हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत गोव्यापर्यंत जात. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी आणि कोकणातील लोकांच्या भागभांडवलातून उभी राहिलेली इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनी, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘माझी आगबोट कंपनी’, यांच्या स्पर्धेचा इतिहास सर्वज्ञात आहे. त्या इतिहासाकडे काळाच्या दृष्टीने पाहिले तर एक वेगळीच बाजू दिसते.

या किनारी वाहतुकीला हंगाम होता. पावसाळा तोंडावर आला की लांब पल्ल्याच्या फेऱ्या बंद होत आणि समुद्र शांत झाल्यावर पुन्हा सुरू होत. याचा अर्थ आगबोटीचे सर्व दिवस समान मोलाचे नव्हते. मे महिन्यात चाकरमानी गावी जाण्यासाठी आणि परतण्यासाठी गर्दी करीत. त्या चार-पाच आठवड्यांतील एक फेरी म्हणजे मोठे उत्पन्न. उलट जुलैमध्ये तीच बोट गोदीत महिनाभर राहिली तरी मालकाचे फारसे बिघडत नसे. डागडुजीसाठी तोच काळ राखून ठेवलेला असे. समजा, एका बोटीचा पंखा एप्रिलअखेर खडकावर आपटून मोडला आणि तिला वीस दिवस थांबावे लागले. जहाज विम्यातून पंख्याची किंमत मिळेल. बुडालेल्या हंगामाची किंमत कोणीही देणार नाही. शिवाय ते उत्पन्न मुख्यत्वे तिकिटांचे असल्याने भाडे विम्याच्या व्याख्येतही ते बसत नाही. देहाला झालेली जखम दोन्ही ऋतूंत सारखीच. काळाची जखम मात्र एका ऋतूत नगण्य आणि दुसऱ्या ऋतूत जीवघेणी.

दुरुस्तीची सोय हा यातील आणखी एक घटक होता. मोठ्या जहाजांसाठी मुंबईत १८९१ ची मेरेवेदर सुकी गोदी आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा गोदीबरोबर झालेली ह्यूजेस सुकी गोदी, अशा मोजक्याच सोयी होत्या. गोदी रिकामी होण्याची वाट पाहण्यात जाणारे दिवस हे प्रत्यक्ष दुरुस्तीच्या दिवसांइतकेच उत्पन्न खातात. विमा कंपनीच्या पाहणी अहवालात मात्र मोडलेल्या पात्याची नोंद होते, वाट पाहण्याची होत नाही.

या चर्चेला एक सीमा आहे, ती विसरता कामा नये. १७ जुलै १९४७ रोजी रेवसच्या वाटेवर ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अशा दुर्घटनेपुढे मालकाच्या उत्पन्नाचा प्रश्न गौण आहे. उत्पन्नहानीचा विचार हा जगून वाचलेल्या, परंतु थांबलेल्या जहाजाचा विचार आहे.

५. सिंदिया : ताफा हाच विमा

सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची स्थापना मार्च १९१९ मध्ये झाली. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्वाल्हेरच्या महाराजांकडून ‘लॉयल्टी’ ही बोट घेतली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनकडे निघाली. हाच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. सिंदियाच्या संघर्षाचा इतिहास बहुधा दरयुद्धाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. ब्रिटिश इंडिया कंपनीने भाडे पाडले, सिंदियाने तग धरला आणि १९२३ मध्ये उभयतांत करार होऊन सिंदियाला किनारी व्यापारात मर्यादित स्थान मिळाले, असे त्याचे सार आहे. ते खरेच आहे. परंतु दरयुद्धाइतकीच एक विषमता ताफ्याच्या आकारात दडलेली होती.

ब्रिटिश इंडिया कंपनीजवळ शंभराहून अधिक जहाजे होती. त्यांतील एक गोदीत गेले तर दुसरे त्याच्या फेरीवर पाठविता येई. ग्राहक तुटत नसे आणि वेळापत्रकही मोडत नसे. एका जहाजाच्या थांबण्याने तिच्या उत्पन्नाचा शंभरावा हिस्सादेखील अडत नसे. ज्या कंपनीची सुरुवातच एका बोटीने झाली तिचे मात्र त्या बोटीबरोबर सर्व उत्पन्न थांबते; पगार, व्याज आणि गोदीचे शुल्क मात्र थांबत नाही. ‘लॉयल्टी’ ही मुळात १८९१ मध्ये ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने बांधलेली जुनी बोट होती आणि १९२३ मध्ये ती मोडीत निघाली. जुने जहाज अधिक वेळा थांबते, हे सांगण्यास आकडेवारीची गरज नाही.

यावरून असे म्हणता येईल की, मोठ्या मालकाला उत्पन्नहानीच्या विम्याची निकड कमी असते, कारण ताफा हाच त्याचा विमा असतो. निकड असते ती नवख्या आणि लहान मालकाला. आणि नेमक्या त्याच्यासाठी तो विमा त्या काळातील प्रचलित पॉलिसींत नव्हता. परकी भांडवलाशी झुंजणाऱ्या स्वदेशी नौवहनाच्या अडचणींत या अदृश्य विषमतेचाही समावेश करावा लागेल.

६. स्वतःला इजा न होता थांबलेली जहाजे : १९४४ आणि २०१०

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला. त्यात दारूगोळा आणि कापूस एकत्र भरलेला होता. सिंदियाची ‘जलपद्म’ या स्फोटात धक्क्यावर फेकली गेली. युद्धसेवेत असलेली तिचीच ‘एल हिंद’ ही बोटही नष्ट झाली. व्हिक्टोरिया आणि प्रिन्सेस या गोद्या पुन्हा कामाला येण्यास महिने लागले. प्रचलित विमा पॉलिसींत अशा स्फोटाला जागा नसल्याने सरकारने त्याच वर्षी स्वतंत्र वटहुकूम काढून नुकसानभरपाईची व्यवस्था केली. बुडालेल्या जहाजांचा आणि जळालेल्या गोदामांचा हिशेब करता येत होता. गोदी बंद असल्याने ज्यांच्या फेऱ्या चुकल्या, परंतु ज्यांना ओरखडाही उठला नाही, अशा जहाजांची कालहानी मात्र सागरी विम्याच्या कोणत्याच रकान्यात बसणारी नव्हती.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईच्या मुखाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया–३’ या जहाजांची टक्कर झाली तेव्हा हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. ‘चित्रा’ एका बाजूस कलंडली, तिच्यावरील शेकडो कंटेनर समुद्रात पडले, तेल सांडले आणि मुंबई व जवाहरलाल नेहरू या दोन्ही बंदरांचा जलमार्ग सुमारे पाच दिवस बंद राहिला. टक्कर झालेल्या जहाजांना इजा झाली होती. बाहेर नांगर टाकून उभ्या राहिलेल्या जहाजांना काहीही झाले नव्हते. तरीही त्यांचे दिवस गेले. घाटमाथ्यावरील कारखान्यांना हा प्रसंग परका वाटू नये. बंदराचा मार्ग बंद होतो तेव्हा त्याच्या आतल्या बाजूचे कंटेनरही थांबलेले असतात. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकले तेव्हा जगाने हेच दृश्य मोठ्या प्रमाणावर पाहिले. उत्पन्नहानीच्या नेहमीच्या विम्यात स्वतःच्या जहाजाला इजा होणे ही पहिली अट असते. दुसऱ्याच्या अपघाताने कोंडलेल्या जहाजाला त्यासाठी वेगळी वाढीव तरतूद विकत घ्यावी लागते.

७. उत्पन्नहानी विम्याचे आजचे स्वरूप

‘लॉस ऑफ हायर’ या नावाने ओळखला जाणारा आजचा विमा हा वरील वगळणुकीला दिलेले करारातील उत्तर आहे. त्याचे मूळ कालभाडेकरारात आहे. अशा करारात भाडेकरू दिवसाप्रमाणे भाडे देतो. परंतु जहाज यंत्रबिघाडाने वा अपघाताने निकामी झाले की तेवढ्या काळापुरते भाडे बंद होते. न्यूयॉर्क प्रोड्यूस एक्स्चेंजच्या १९१३ पासूनच्या प्रसिद्ध नमुन्यात ही अट आहेच. भाडेकरूने काळाची जोखीम मालकावर ढकलली आणि जहाज विम्याने ती नाकारली; या दोहोंमधील पोकळी भरण्यासाठी हा विमा आला. नॉर्डिक देशांच्या सागरी विमा संहितेत तर त्याला स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे.

या विम्याची रचना साधी आहे. दिवसाची रक्कम आधी ठरते, मालकाने स्वतः सोसावयाचे सुरुवातीचे दिवस ठरतात आणि भरपाईच्या दिवसांची कमाल मर्यादाही ठरते. उदाहरणादाखल, दिवसाची रक्कम १० लाख रुपये, सोसावयाचे दिवस १४ आणि कमाल मर्यादा ९० दिवस असा करार मानू. जहाज अपघातानंतर ४० दिवस बंद राहिले तर विमा कंपनी २६ दिवसांचे २ कोटी ६० लाख रुपये देईल आणि १४ दिवसांचे १ कोटी ४० लाख मालकाच्या पदरी पडतील. थांबण्याचे कारण जहाज विम्यात समाविष्ट असलेली इजा हेच असावे लागते. जहाज पूर्णतः बुडाल्यास या विम्याचा प्रश्न येत नाही, कारण तेथे जहाजाची संपूर्ण किंमत मिळते. मालकाने त्याच वेळी स्वतःची नेहमीची दुरुस्तीही उरकून घेतली तर काही काळाची वाटणी करावी लागते.

या रचनेत विमेदारांच्या जुन्या भीतीचे उत्तर आहे. सुरुवातीचे दिवस मालकावर ठेवल्याने घाई करण्याची प्रेरणा टिकते. कमाल मर्यादेमुळे जबाबदारी अमर्याद राहत नाही. जॅक्सन खटल्यानंतर जे अशक्य म्हणून वगळले गेले, ते योग्य मोजमाप सापडताच शक्य झाले, ही बाब ऐतिहासिकदृष्ट्या महत्त्वाची आहे. काळाचे मोल करता येत नव्हते असे नाही. ते कोणासाठी करावयाचे हा प्रश्न होता.

८. उरलेले ओझे कोणावर?

सोसावयाच्या चौदा दिवसांची अटच लहान मालकाला या विम्याबाहेर ठेवते. मोठ्या जहाजाला चौदा दिवस ही तूट आहे. मासेमारीच्या ट्रॉलरला तो हंगामाचा मोठा तुकडा आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अलीकडील अनेक वर्षांत १ जून ते ३१ जुलै हा मासेमारीबंदीचा काळ राहिला आहे. उरलेल्या दिवसांत वादळी इशाऱ्यांचे दिवस वगळले की ऑगस्ट-सप्टेंबरमधील एकेक फेरी मोलाची होते. अशा वेळी इंजिन बसले तर होडीचा विमा, असलाच तर, इंजिनाचा विचार करतो. हुकलेल्या फेऱ्यांचा करीत नाही. किनाऱ्यावरील वाट्याच्या पद्धतीत होडी, जाळी आणि खलाशी यांचे हिस्से मासळीतूनच निघतात. मासळी नाही म्हणजे वाटा नाही. मालकाची कालहानी अशा रीतीने खलाशाच्या चुलीपर्यंत पोहोचते.

इंग्लिश सागरी कायद्यात पूर्वी असा दंडक होता की, जहाजाने भाडे कमावले तरच खलाशाला मजुरी. १८५४ च्या कायद्याने तो रद्द झाला. खलाशाचा स्वतःच्या मजुरीत विमापात्र हितसंबंध असतो, हे आपला १९६३ चा कायदाही मान्य करतो. परंतु वाट्यावर जगणाऱ्या खलाशापुरता तो जुना दंडक व्यवहारात जिवंतच आहे आणि कागदावरील हितसंबंधाला पॉलिसीचे रूप क्वचितच मिळते.

गोव्यातील बार्जमालकांचा अनुभव याच प्रश्नाची दुसरी कड दाखवितो. २०१२ मध्ये लोहखनिजाचे उत्खनन बंद झाले तेव्हा मांडवी व जुवारी नद्यांतील बार्जेस जागेवर उभ्या राहिल्या. कोणतीही बार्ज मोडलेली नव्हती. उत्पन्न मात्र संपूर्ण थांबले. इजेशिवाय आलेली कालहानी विम्याच्या कक्षेत येत नाही. तेथे शासनाच्या धोरणाखेरीज दुसरा आधार उरत नाही. विम्याची मर्यादा कोठे संपते आणि सार्वजनिक जबाबदारी कोठे सुरू होते, हे अशा उदाहरणांतून ठरवावे लागेल.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. एक, भाडे विमा आणि उत्पन्नहानीचा विमा या भिन्न संकल्पना आहेत. अध्यापनात त्या स्वतंत्रपणे मांडणे इष्ट आहे. दोन, विलंबाची हानी वगळणे हा समुद्राचा नियम नसून १८७४ नंतर विमेदारांनी घेतलेला आणि पुढे कायद्याने स्थिर केलेला निर्णय आहे. तो बदलता येतो, हे आजच्या उत्पन्नहानी विम्यानेच सिद्ध केले आहे. तीन, ज्याचा ताफा मोठा त्याला हा विमा कमी लागतो आणि सहज मिळतो. ज्याचे जहाज एकच त्याला तो सर्वाधिक लागतो आणि मिळत नाही. मच्छीमारांच्या सहकारी संस्थांनी एकत्रितपणे, थोड्या सोसावयाच्या दिवसांचा आणि हंगामानुसार दैनिक रक्कम ठरविणारा विमा घेणे हा या पेचातून निघण्याचा एक मार्ग दिसतो. ताफा हाच विमा असेल, तर लहान मालकांनी विम्यापुरता तरी एक ताफा होणे शक्य आहे.

चाकणच्या कारखान्यातील यंत्राचा थांबलेला तास आज हिशेबवहीत नोंदविला जातो. देवगडच्या खाडीत इंजिन बिघडून उभ्या असलेल्या होडीचा दिवसही तितकाच खरा असतो. त्याची नोंद कोठे व्हावी, हा प्रश्न सागरी विम्याच्या इतिहासाने अद्याप मिटविलेला नाही.